चाळीस रेघा

पिंपळगाव राजाच्या मिशन दवाखान्यात सुधाकर मास्तर पहिल्यांदा आला तो डोळे आले म्हणून. सलोमी नर्सनं त्याची हनुवटी वर करून थेंब टाकले, आणि एवढ्या लालभडक डोळ्यांनीही हा माणूस आपल्याकडे टक लावून बघतोय, हे तिच्या ध्यानात आलं. डोळे चार दिवसांत निवळले. मास्तर मात्र पुढं महिनाभर येतच राहिला.

"डोये तर बरे झाले मास्तर," एक दिवस ती म्हणाली. "आता काय दुखून राह्यलं?"

"तेच तर समजत नाही... तुम्हीच पाहून सांगा ना."

ती हसली, आणि तिथंच फसली. कडुनिंब मोहरला तोवर त्यानं लग्नाचं विचारूनही टाकलं. जानेफळला बापानं त्याच्यासाठी मुलगी पाहून ठेवली होती, आणि ख्रिस्ती सून त्या घराच्या उंबऱ्याशीही कोणी उभी केली नसती. पण सलोमी हो म्हणाली तर तो घर सोडायला तयार होता.

सलोमी म्हणजे कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि जिभेवर हुकूम. दवाखान्यातलं पान तिच्याशिवाय हलत नसे. ईस्टरआधीचा उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादरनी तिच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि उपदेशात सांगितलं, यंदा नुसतं गोडधोड सोडू नका. मुठीत जे घट्ट धरलंय ते देवाच्या हाती सोडा. ते तिच्या वर्मी लागलं. संध्याकाळी फाटकाजवळच्या निंबाखाली ती मास्तरला म्हणाली, "चाळीस दिवसांचा उपास हाये आमचा. तोवर मी काहीच ठरवणार नाही... देवावर सोडलं. उपास सुटला की तुमच्या खोलीवर येऊन सांगीन."

"चाळीस ना? रोज एक रेघ ओढीन भिंतीवर. तेवढे दिवस बापाले थोपवतो—चाळीसच्या वर एक दिवसही नाही जमणार मले."

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी ती शिंदीची फांदी घेऊन मिरवणुकीत गात चालली होती, तर मास्तर फाटकाशी उभा. अंगात नवा सदरा, टोपी हातात. अजून आठवडा आहे आणि याला धीर निघेना, म्हणून तिला आतून गुदगुल्या झाल्या. एक शब्द तरी बोलावा... पण सोडलं म्हणजे सोडलं. तिनं नजर खाली घातली आणि गात गात आत गेली.

ईस्टरला उपास सुटला, आणि देवळातली मिस्सा आटोपताच पांढऱ्या लुगड्यात ती त्याच्या खोलीवर पोचली. ओठांवर 'हो' तयार होता. घरमालकीण शालूबाई रिकामी खोली झाडत होती.

"मास्तर त सोमवारीच गेला बाई. परवा लगन लागलं त्याचं."

भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. सलोमीनं त्या मोजल्या. चाळीस. त्यानं रविवारही धरले होते, आणि चाळिसावी रेघ झावळ्यांच्या रविवारची होती. रविवार प्रभूचा, तो उपासात मोजत नाहीत, हे मिशनमधलं शेंबडं पोरही जाणतं. मास्तरला ते कोण सांगणार होतं? हो की नाही, ते देवावर सोडलं होतं. एवढं सांगायचं काम मात्र देवाचं नव्हतं, तिचं होतं. तिला स्वतःचा संताप आला, आणि देवाचाही.

शालूबाईनं केरसुणी भिंतीला टेकवली.

"तुमच्यासाठी निरोप हाये. म्हणे, नर्सबाई आल्या त सांगजा, डोये आता पुरे बरे झाले."