वगळलेली फोड

आयुष्यात स्वतःचा चहासुद्धा न केलेले त्र्यंबककाका ओट्यापाशी उभे राहून दुधी सोलत होते, आणि सोलत होते तेही असे की साल एका सलग फितीसारखं खाली लोंबत होतं. उजव्या मनगटात तांब्याच्या रंगाचं कांकण होतं. उभी हयात नाशिकच्या एसटी स्टँडवर गाड्या फलाटाला लावण्यात गेलेला माणूस. विळी आणि किसणी यांतला फरक त्याला साठी उलटल्यावर कळला, असं त्याची बायकोच चारचौघांत सांगायची.

"बघ हेमांगी," ते भाचीला म्हणाले, "नाशिक ते दुधी-चणाडाळ, विनावाहक, विनाथांबा. मी नुसता हात सैल सोडून उभा आहे. गाडी ती चालवतेय."

ती म्हणजे वेणूमावशी. तिला जाऊन पाच महिने झाले होते.

हेमांगी हसली. ते कांकण तिनंच घडवलेलं. पाककृती लिहिणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक गंमत करून ठेवली आहे: मीठ चवीपुरतं, पाणी अंदाजानं, डाळ बोटचेपी होईपर्यंत. ज्याला अंदाज आहे त्याला पुस्तक लागत नाही आणि ज्याला पुस्तक लागतं त्याच्याकडे अंदाज नसतो. तिच्या कंपनीत पाककृती सोप्या करणारं ॲप काढायचं ठरलं तेव्हा हेमांगी म्हणाली, माणसाला सांगत बसायचंच कशाला, थेट हाताला शिकवू. सुगरणीनं कांकण घालून स्वयंपाक करायचा. हात हलताना स्नायूंत जी बारीक वीज खेळते ती कांकण टिपतं. या नोंदीला तिनं 'हातवळण' नाव दिलं. पुढे शिकणाऱ्याच्या मनगटातलं कांकण तीच वीज झिणझिणीच्या रूपानं परत सोडतं, आणि हात आपसूक त्या वाटेनं जातो. ॲपचं नाव 'हातगुण'; कुठे अडलं तर त्यालाच विचारायची सोयही होती.

पहिलं हातवळण अर्थातच मावशीचं. तिनं दोन महिने कांकण वागवलं. बांगड्यांवर आपटतं, एवढीच तिची कुरकुर.

भानगड निराळीच निघाली. पुण्याला चाचणी घेणारे एक बँकेतले साहेब फोडणी देता देता हात झटकून नवव्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणालातरी हाकलू लागले. बायको घाबरली. ते मावशीचं मांजर होतं. तेव्हा हेमांगीनं 'चाळणी' बनवली. एकच पदार्थ मावशीनं अनेकदा केला, की चाळणी त्या नोंदी शेजारी ठेवून पाही. जी हालचाल कधी असते, कधी नसते आणि जिच्यामुळे पदार्थात फरक पडत नाही, ती बाजूला काढी. मग ठेवायची की वगळायची ते हेमांगी ठरवी.

दुधीच्या अठरा नोंदी होत्या. अकरा वेळा चिरताना मावशीचा हात तोंडाकडे जाई. सात वेळा जात नसे. तेव्हा तो उंबऱ्याच्या दिशेनं लांब होई, बहुतेक बोलताना. भाजी अठराही वेळा तीच. हेमांगीनं एकदा विचारलंही, दुधी चिरताना काय गं टाकतेस तोंडात? मावशी डाळ निवडत होती. सवय, म्हणाली. हेमांगीनं दोन्ही हालचाली वगळल्या. भाजी एका पायरीनं सोपी झाली.

वर्षभरात आठ लाख घरांत कांकणं गेली.

मावशी गेल्यावर काकांनी अन्न टाकलं. डबा लावला तर जसाच्या तसा परत. हेमांगी रोज फोन करी आणि ते रोज जेवलो म्हणून थाप मारत. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला तेव्हा तिनं त्यांच्या मनगटात कांकण घातलं. पहिल्या दिवशी काकांनी दुधीच केली. पहिल्या घासाला रडले, आणि मग पातेलं पुसून खाल्लं. हा माणूस आता जगतो, असं त्या दिवशी तिला वाटलं.

पुढे एका मंगळवारी दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. ती दवाखान्यात पोचली तेव्हा काकांना रक्ताच्या उलट्या होऊन गेल्या होत्या आणि रक्तदाब हाती लागत नव्हता. डॉक्टरांनी जेवणात काय होतं ते विचारलं आणि लगेच ओळखलं. शंभरातला एखादा दुधी कडू निघतो, बाहेरून कळत नाही. त्यातलं विष शिजवून मरत नाही, आणि या वयात ते झेपत नाही.

"काका, कडू लागली नाही भाजी?" सलाइन चढून काकांनी डोळे उघडल्यावर तिनं विचारलं.

"लागली की. तुझ्या ॲपला विचारलं. गूळ वाढवा म्हणालं. वाढवला."

"तरी खाल्लीत?"

"तिच्या हातची. पानात टाकतात होय?"

हेमांगीनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. काका म्हणाले, "ती असती तर फोड आधी चाखली असती."

"नेहमी नाही चाखायची, काका. सात वेळा तिनं..."

"नवरात्रात ना? नैवेद्याचं तिनं कधी तोंडात घातलं नाही. मला द्यायची. मी उंबऱ्याबाहेर बसायचो. चांगला आहे म्हटलं की भाजी, नाहीतर अख्खा दुधी उकिरड्यावर."

"मग आज तुम्ही का नाही..."

"ती द्यायची तेव्हा खायचो," काका म्हणाले. "आज हात थांबलाच नाही गं."

बुधवारी पहाटे ते गेले.

तेरावं झाल्यावर हेमांगी ऑफिसात गेली आणि ती फोड परत घातली. हे काम एका मिनिटाचं. मग तिनं वगळलेल्या हालचालींची अख्खी यादी उघडली. दोन हजारांवर होत्या. पिठाच्या डब्यावर दोन थापट्या. कढीपत्त्याचं पान उलटं करणं. नारळ फोडल्यावर वाटी नाकाशी नेणं. आळूची पानं चिरण्याआधी हाताला काहीतरी चोळणं. वाटीचं तिला कळलं, आळूचंही. बाकीच्यांचं काय? विचारायला मावशी नव्हती, काकाही नव्हते. ॲप बंद करा, असं तिनं मालकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, आठ लाख घरांतल्या माणसांना आता हातानं काय येतं? ती उद्या जेवतील काय?

संध्याकाळी ती काकांच्या बंद घरी गेली. ओट्यावर एक दुधी ठेवला, कांकण घातलं आणि नवरात्रातलं एक हातवळण न चाळता लावलं. हात सैल सोडला. हातानं मांजर हाकललं, दुधी सोलला, एक पातळ फोड कापली आणि ती उंबऱ्याकडे लांब केली.

हात तिथेच थांबला. झिणझिणी चालू होती, पण पुढे काही होईना. उंबऱ्याबाहेरून कुणीतरी 'चांगला आहे' म्हणेपर्यंत तो हलणार नव्हता.

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात फोडणी तडतडली. तिथला हात कुठेही थांबत नव्हता. त्यांनी आज काय चिरलं असेल?