धारूरचे ओले खांब

इमारती तपासायच्या आणि त्यांतली कोणती बरी ते लिहून द्यायचं, हा माझा धंदा. बीडमध्ये लोक मला खडूस म्हणतात, म्हणोत. धारूरला काही सरकारी कचेऱ्या एका छपराखाली आणायच्या होत्या आणि त्यासाठी दोन इमारतींतली एक निवडायची होती. एक निजामाच्या काळातली दगडी, किल्ल्याच्या वाटेवरची. खिडक्यांत पारवे, गच्चीवर गवत, पण भिंती अशा की भर मे महिन्यात आत शिरलं की पाठीवरचा घाम वाळावा. दुसरी नवी कोरी, समोर निळ्या काचा. काचा दिसल्या की माझा संशय बळावतो.

नवी इमारत राधाकिशन अण्णांनी बांधली होती. कंत्राटदार आणि वर पुढारी, म्हणजे बोलायची सोयच नाही.

माझ्याकडे एक साधं यंत्र असतं, हातोडाच म्हणा. खांबावर दाबलं की आतला दट्ट्या आपटून मागे येतो. जितका मागे येईल तितकं काँक्रीट पक्कं. अण्णांच्या खांबांवर तो जेमतेम हलला. पोपडा नखानं निघत होता. काँक्रीट ओतल्यावर सुरुवातीला सतत ओलं ठेवावं लागतं. इथे कोणी ती तसदीच घेतली नव्हती.

बजरंग नावाचा वॉचमन माझ्यामागे मुकाट फिरत होता.

"कच्चे हायेत ना, साहेब?"

"साफ कच्चे."

तो खाली उकिडवा बसला. "मागच्या उन्हाळ्यात अण्णानं टँकर बंद केला. माझी बायको, वनमाला, हंड्यानं पानी वाहत व्हती. अण्णा म्हनले, समद्या खांबांला पानी घातल्याबिगर खाली उतरू नको. वर कठडा न्हवता. तिथून पडली ती."

मी हातोडा पिशवीत ठेवला.

"ती कामावर न्हवतीच म्हनून लिवलं त्यांनी. केस न्हाई, काई न्हाई. मला ही नोकरी देली. तुमी निस्तं खरं लिवा, साहेब. अण्णाचं ह्ये काम नापास झालं की बास."

त्यानं ती नोकरी घेतली याचा मला राग आला, आणि अण्णांचा त्याहून जास्त. नापास करतो म्हणून मी त्याला शब्द दिला.

अण्णांनी फेरतपासणी मागितली. तो त्यांचा हक्क होता. पंधरवड्यानं मी पुन्हा धारूरला गेलो, तर खालच्या मजल्यावरचे सगळे खांब ओले होते.

अजून नळ जोडलेला नव्हता. गच्चीवरची टाकी कोरडी, तळाशी मेलेली पाल. खांब मात्र नुकतेच धुतल्यासारखे काळे पडले होते, आणि तेही वरपर्यंत नाही. एखाद्या बाईचा वर केलेला हात पोचेल तिथपर्यंतच. त्याच्या वर कोरडे.

मी हातोडा दाबला. दट्ट्या जोरात मागे आला. पुढच्या खांबावरही, त्याच्या पुढच्यावरही. वर्षभर वाळलेलं काँक्रीट आता पाणी मारून पक्कं होत नाही, हे कॉलेजातलं पोरही सांगेल. मी यंत्र लोखंडी ठोकळ्यावर तपासून पाहिलं. यंत्रात काही खोट नव्हती.

"काय मुजाहिदभाई, कच्चं दिसलं व्हतं म्हने तुमाला?" अण्णा हसत म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

मी बजरंगला बाजूला घेतलं. "पाणी कोण मारतं?"

"मी न्हाई." त्याची नजर जमिनीवर होती. "आवाज येतो, साहेब. हंडा टेकवल्याचा. समदे खांब झाले न्हाईत ना तिचे."

मी यंत्रानं दाखवलं तेच लिहिलं. नवी इमारत सरस, जुनी पाडायला हरकत नाही. इतक्या कडू तोंडानं मी दुसरा कुठलाच अहवाल लिहिला नाही. तिचा जीव गेला, मेल्यावरही ती राबली, आणि त्या राबण्यानं सुटले कोण, तर अण्णा. निघताना बजरंगनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

या हिवाळ्यात परळीला जाणं झालं. अण्णांचंच काम, पुन्हा कचेरीचीच इमारत. औष्णिक केंद्राची राख वाळूवर, विटांवर, माझ्या गाडीच्या काचेवर सारखी बसत होती.

"इथं टँकर दिसत नाही," मी म्हणालो.

"आपल्याला लागत न्हाई," अण्णा म्हणाले. "वॉचमन तेवढा जुनाच आनलाय."

बजरंग एका खांबाशी बसला होता. फडक्यात दोघांपुरत्या भाकरी. माझ्या तोंडून निघून गेलं, "लाज नाही वाटत? त्याच्याच कामावर?"

"धारूरचे खांब झाले, साहेब. मंग आवाज बंद झाला. लई दिवस वाट पाह्यली." त्यानं फडकं सारखं केलं. "इथं हाय ती."

मी पिशवीतून हातोडा काढला. त्यानं माझं मनगट धरलं. हात गार होता.

"पास करू नका. कच्चेच हायेत म्हना."

"बजरंग, सोड."

"पक्के झाले की ती जाती, साहेब."

वर हंडा टेकल्याचा आवाज झाला.

स्लॅबच्या कडेवरून पाण्याची धार खाली आली आणि राखेत मुरली. बजरंग मान वर करून बघत राहिला.

वरच्या मजल्याचा जिना अजून ओतला नव्हता. शिडी आमच्या पायाशी आडवी पडली होती, आणि तिच्या प्रत्येक पायरीवर राखेचा थर होता, जसाच्या तसा.