रक्तचंदनाची बाहुली

"रंगच येऊन न्हाई राह्यला," शेजारची आसिफा म्हणाली आणि फडक्यात गुंडाळलेली बाहुली तिनं ओसरीवर ठेवली. "अम्मी घासून घासून थकली. आमच्या धाकट्या आमेरचा गुडघा तसाच टम्म."

"सहाण बराबर धुतल्ती का?" माऊलीनं साहेबी थाटात चौकशी सुरू केली. दिवाळीच्या सुट्टीत बदनापूरहून मामाकडे आष्टीला आल्यापासून या स्वारीला जिथंतिथं चोर दिसत होते. काल तर त्यानं दूधवाल्याचाही पाठलाग केला होता.

त्याची मामेबहीण अर्पिता मात्र फडक्याची गाठ चाचपू लागली. ती रक्तचंदनाची बाहुली तिच्या आईची. गल्लीत कुणाला मुका मार लागला, कुणाचा गाल सुजला, की लोक तीच मागायला यायचे. सहाणेवर पाणी घालून बाहुली घासायची, लालभडक लेप निघायचा, तो सुजेवर लावायचा. उन्हाळ्यात आई गेली आणि मग ती मागायला कुणाचा जीवच झाला नाही. आज आसिफा आली, तेव्हा अर्पितानं फडकं न सोडताच कपाटातली बाहुली काढून दिली होती. आईची वस्तू उघडून बघायची हिंमत तिच्यात नव्हती.

आता तिनं फडकं सोडलं. आत कोरी, गुळगुळीत, चकचकीत बाहुली होती.

"ही आपली न्हाई," ती म्हणाली. तिनं ती बादलीत टाकली. बाहुली मजेत तरंगू लागली. "आईची बुडायची. रक्तचंदन जड असतं."

"म्हंजे बदलली! गल्लीतल्या सगळ्यांची झडती घेऊ," माऊली उठलाच.

"बस खाली. आई गेल्यापासून कपाटाची चावी पप्पांकडंच असती, आज तेवढी घरी विसरलेत."

मग तिघांनी डोकं लावलं. संध्याकाळी अर्पिताचे वडील तातेराव शेतातून आले, तसा माऊली तोंड पाडून पुढं झाला.

"मामा, माझ्या हातून बाहुली विहिरीत पडली."

"जाऊ दे रे. जालन्याच्या त्या दुकानात लय हायत तसल्या," तातेराव म्हणाले आणि एकदम थांबले.

सापडला चोर! माऊली टाळी वाजवणार होता, पण मामाचा चेहरा पाहून त्यानं हात खाली घेतला.

"पप्पा, आईची कुठंय?" अर्पितानं विचारलं.

तातेराव उंबऱ्यावरच बसले. "आईवानी हुशार निघालीस. लय डोकं लावलं तुम्ही पोरांनी." "त्या दिवशी मसणात कुणीतरी म्हन्लं, चितेवर चंदनाचा तुकडा पाह्यजे. मी पळत घरी आल्तो. डोकं ठिकाणावर नव्हतं. हाताला तीच लागली, तीच नेली. ते चंदन न्हाई, आपली बाहुली व्हती, हे घरी आल्यावर कळलं. तुला काय तोंड दाखवू? मंग दुसरी आणून ठेवली."

अर्पिता रडू लागली. आईचा हात रोज जिला लागला, अशी तेवढी एकच वस्तू घरात उरली आहे, या समजुतीवर तिनं इतके महिने काढले होते. आसिफा तिला घट्ट धरून बसली.

"तुला आणखी एखादी..." तातेराव म्हणू लागले.

"मला दुसरी नको," अर्पिता हुंदके देत म्हणाली. "पोरींनी मसणात यायचं नसतं म्हणून तुम्ही मला घरी ठेवलं. पण बाहुली द्यायचीच व्हती, तर आईला अंगणात ठेवलं व्हतं तवाच सांगायचं ना पप्पा. मी माझ्या हातानं दिली असती तिला."

तातेरावांनी लेकीला जवळ ओढलं आणि पोरांदेखत ते ओक्साबोक्शी रडले.