नमुन्याची मुलगी

दर वर्षी दिवाळीनंतर मी माझ्या वेबसाइटवरचं 'नवीन कामं' हे पान बदलते. नगरमध्ये घरी बसून एकटीनं वेबसाइट बनवणाऱ्या बाईच्या दारावर पाटी नसते, हे पान हीच तिची पाटी. यंदा सुप्याच्या एमआयडीसीतल्या पंप बनवणाऱ्या कारखान्याचं काम केलं. मालकांना पहिल्याच पानावर फिरता गणपती हवा होता. किती वेळा नाही म्हटलं, शेवटी फिरवला. सावेडीतल्या दातांच्या डॉक्टरांची साइट छान झाली, तिच्यावरून पुण्याची एक चौकशीही आली. तिसरं काम मात्र मी त्या पानावर लावणार नाही. त्या माणसाचं नाव काढलं तरी अजून माझं डोकं फिरतं.

बिभीषणराव लग्नं जुळवतात. दिल्ली दरवाज्याजवळ एका दुकानाच्या माडीवर त्यांची खोली आहे. मुलामुलींची माहिती आणि फोटो मागितले की त्यांचं उत्तर ठरलेलं. "ताई, तुमीच टाका कायतरी. मी मागनं देतो." असं करत महिना गेला. रिकामी साइट दाखवता येत नाही. म्हणून आम्ही नमुन्याचा मजकूर भरतो आणि खरा आला की तो काढून टाकतो. या धंद्यात सगळेच तसं करतात.

मी एक नमुन्याची मुलगी केली. चेहरा कॉम्प्युटरकडून बनवून घेतला, जगात कुणाचाच नसलेला. वैतागले होते, त्या भरात लिहिलं: मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, शांत, मोठ्यांचा शब्द न मोडणारी. थोडक्यात, आईला हवी होती तशी आणि मी नाही तशी. नाव दिलं देवश्री. माझ्या बारशाला आईला तेच ठेवायचं होतं. बाबांनी हट्टानं ईरा ठेवलं, ते ती अजून विसरलेली नाही. मामानं बारशाची ताटली आणली ती ईरा असं नाव घालूनच. लहानपणी एकदा मी रागानं ती भिंतीवर फेकली, तेव्हापासून तिची कड वाकडी आहे. आजही घरी गेले की मी त्याच ताटलीत जेवते.

साइटवरचा पत्रिकेचा भाग जन्मवेळ, जन्मगाव आणि नक्षत्र यांचा मेळ बसल्याशिवाय पुढं सरकेना. मला पाठ असलेली पत्रिका एकच, माझी. कोल्हार, पहाटेची वेळ. तीच टाकली आणि साइट दाखवली.

बिभीषणरावांनी ती तशीच सुरू केली.

"अहो, ती मुलगी आधी काढा. ती नाहीच आहे," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या की. तिलाच लई मागणी हाय."

लोकांना फसवताय म्हणून मी भांडले. त्यांनी फोन ठेवून दिला. त्याच दुपारी मी साइटच्या आत शिरून देवश्रीची सगळी माहिती पुसली आणि खरंच पुसली गेली ना, तेही तपासलं.

पुढच्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. साइटच्या तळाशी माझा नंबर असतो. राहुरीच्या होत्या, बोलणं गोड.

"तुमच्यामुळं चांगलं स्थळ घावलं बगा. काल मुलगी बगून आलो."

"कुठली मुलगी?"

"देवश्री. कोल्हारची. पुलापासून आत निळ्या जाळीचं घर हाय न्हाई का? दारात पारिजातक, वडील मास्तर हुते. पोहे तिनंच केलते. मान वर करून बगत पन न्हाई."

ते माझं घर. जाळीला निळा रंग मी स्वतः दिला होता.

मी बिभीषणरावांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. माझी पत्रिका, माझं घर आणि कुठलीतरी पढवलेली मुलगी, असा सगळा डाव मला दिसत होता. ते नेहमीसारखे उलटून बोलले नाहीत.

"मी न्हाई धाडलं कुनाला, ताई. तुमी पुसली ना, त्याच सांजंला ती बाय हितं आल्ती. म्हनली, मला कशापायी काढलं? लई नरमाईनं बोलली."

खोटारडा माणूस, असं म्हणून मी फोन ठेवला आणि आईला लावला.

"आई, काल कुणाला दाखवलंस?"

"पाहुणे आले होते. मुलीला दाखवलं."

"कुठल्या मुलीला?"

"आवाज खाली आण आधी. ती घरात आहे."

मी मिळेल त्या एसटीनं निघाले. रस्ताभर मनात भांडणच चालू होतं. मी लग्न करत नाही म्हणून आईनं कुणाची तरी मुलगी माझ्या जागी बसवली, याची मला इतकी चीड आली होती की तिकिटाचे सुटे पैसे घ्यायचेही विसरले.

कोल्हारला पोचले तेव्हा अजून ऊन होतं. दार उघडंच होतं. आई बाहेर आली. तिनं माझ्या पिशवीकडं पाहिलं, मग चपलांकडं.

"या ना," ती म्हणाली. "बसा."

आई रागावली की मला अहो-जाहो करते. मी आत जाऊन बसले.

बाबांनी पेपर खाली घेतला. "बिभीषणरावांकडून आलात का?"

"बाबा, पुरे झालं आता."

त्यांनी ओशाळून आईकडं पाहिलं. आगाऊ पाहुण्यासमोर ते असंच पाहतात.

स्वयंपाकघरात फोडणी तडतडली. बांगड्या वाजल्या. आईचे दोन्ही हात माझ्यासमोर होते.

"तिला बाहेर बोलव."

"ती नाही यायची. तुमचा आवाज चढलाय ना," आई म्हणाली. "तिला सवय नाही."

मी उठायच्या आत आई आत गेली आणि पोहे घेऊन आली.

ताटली माझी होती. कड वाकडी.

मी ती फिरवली. नावाचे ठिपके जुने होते, घासून घासून झिजलेले.

चि. देवश्री.

मी ताटली उचलली. फेकायलाच.

"अहो, जपून," आई म्हणाली आणि तिनं ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली. "आमच्या देवश्रीनं लहानपणी रागानं फेकली होती. तेवढं एकदाच. कड लागते हाताला."