तळघराचं लोखंडी दार

आन्सेल्मोला तुम्ही रोज बघता पोरांनो. मारोलाच्या चढावर, भर थंडीत घराची दारं सताड उघडी टाकून बसलेला असतो. वेडा म्हणून हसता. हसा. पण त्याने स्वतःच्या तोंडाने मला जे सांगितलं, ते आधी ऐका.

गेल्या सालची एक नोव्हेंबरची रात्र. मेलेली माणसं घरी येतात, ती. सगळ्यांसारखं त्यानेही टेबल मांडलं होतं. उकडलेले चेस्टनट, पाव, पाण्याचा जग. वाइन तेवढी राहिली होती, म्हणून त्याने धाकट्या भावाला, तुल्योला, तळघरात पाठवलं.

त्या तळघराचं दार जहाजाचं. त्यांचा आजा युद्धानंतर जहाजं मोडायच्या कामावर होता. एकाच नकाशावर बांधलेल्या चार विनाशिका होत्या. गावात त्यांना चार बहिणी म्हणायचे, इतक्या सारख्या. तिघी भर समुद्रात बुडाल्या. चौथी इथेच बंदरात, बॉम्ब पडून. पाणी पुढे सरकू नये म्हणून बॉयलरच्या खोलीचं दार बाहेरून आवळलं, आत माणसं असताना. जहाज बुडायचं ते बुडालंच. पुढे वर काढून मोडलं, तेव्हा आज्याने तेच दार घरी आणलं. चांगलं पोलाद कोण सोडतो? पण त्यात लाकडाची पाचर कायम असायची. पुरतं लावायचं नाही, एवढंच म्हातारा सांगायचा.

तुल्यो पन्नाशीचा, पण कोंडल्या जागेत त्याचा जीव घाबरा व्हायचा. आन्सेल्मोला लहानपणापासून त्यातच गंमत. भाऊ खाली उतरला तसं त्याने पाचर काढली, दार ओढलं आणि चारही खिट्ट्या आवळल्या.

"दादा, उघड ना."

"आज्याच्या पाहुण्यांना माझा नमस्कार सांग."

"पाया पडतो तुझ्या, दादा."

"बायको उगाच नाही सोडून गेली तुला. बस जरा, मर्द हो."

आतून रडणं ऐकू येत होतं. हा बाहेर पायरीवर बसून चेस्टनट सोलत होता. माणूस भावाशीही इतका दुष्ट वागतो, आणि त्याला तो चेष्टा म्हणतो.

"दादा, इथे पाणी येतंय."

डोंगरावरचं घर ते. "पिंप लवंडलंस ना, गाढवा?"

"गार आहे... गुडघ्याला लागलं." मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "दादा, मी एकटा नाहीये इथे."

आन्सेल्मोचं हसू थांबलं. तो उठला. खिट्टीला हात घातला. उघडायलाच घातला होता.

आतून दारावर थाप पडली. मग दुसरी. वर, खाली, मधे... एकदम.

एका माणसाला हात दोनच.

हाताखालची खिट्टी आपोआप फिरू लागली. उघडू लागली.

"दादा... गळ्याला..."

त्याने ती आवळली. दुसरी सैल झाली. तीही आवळली. अंगाचा सगळा भार टाकला. भावाचा आवाज येत होता. तरी टाकला.

मग...

काही नाही.

उजाडल्यावर शेजारी जमले, तेव्हा कुठे दार उघडलं. जमीन कोरडी. तुल्योचे कपडे कोरडे. तो सगळ्यात उंच पिंपावर चढलेला, तोंड छताला टेकलेलं, तसाच आखडलेला. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. आन्सेल्मो म्हणाला, दार अडकलं. लोकांनी दोन्ही मानलं.

भिंतीवर मात्र एक रेघ होती. चारही बाजूंनी सरळ, छताच्या जरा खाली. मिठाची. आन्सेल्मोने चुना मारून ती घालवली, दार उपटून समुद्रात टाकलं.

परवा मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने मला वर नेलं, निजायच्या खोलीत. पलंगामागच्या भिंतीवरची पांढरी रेघ दाखवली. मी बोट लावून चाटलं... मीठच.

"ईस्टरला घोट्याएवढी होती," तो म्हणाला.

आता गुडघ्याला आहे.