इंजिन खोललेलं असताना

हागिवाराच्या गॅरेजात इंजिन खोलायला आलं की पहिला दिवस नुसता धुण्यात जायचा. नुमाता गावाच्या वरच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये, बत्तीस वर्षं तो एकटाच काम करत होता. वॉल्व्ह तो अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ओळीने लावायचा आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा घालायचा. घाई त्याच्या स्वभावातच नव्हती.

तोमारूंची पांढरी सोळाशे सीसी गाडी तो पहिल्यापासून ओळखत होता. हिदेआकी तोमारू दर सहा महिन्यांनी ती घेऊन यायचा, बाकावर बसून चहा प्यायचा आणि तासाभरात चार वाक्यं बोलायचा. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो कारखान्यात चक्कर येऊन पडला आणि तिसऱ्या दिवशी इस्पितळातच वारला. आता गाडी त्याची बायको युकिए चालवत होती. यंदा नोव्हेंबर संपताना तीच ती धूर ओकणारी गाडी घेऊन आली.

"वहिनी, सिलिंडर झिजलेत," इंजिन खोलून पाहिल्यावर तिला बोलावून हागिवारा म्हणाला. "दोन रस्ते आहेत. आत नव्या नळ्या ठोकून जुनं माप परत आणतो, पिस्टन हेच वापरतो. नाहीतर बोअर करून, म्हणजे भोकं कापून रुंद करून, मोठे पिस्टन टाकतो. इंजिन खोललंच आहे तर मी म्हणेन, मोठं करा. गाडी तुमच्या घराचा चढ हसत चढेल."

खरं तर त्याचे हात शिवशिवत होते. असं इंजिन वाढवायला मिळून बरीच वर्षं झाली होती.

"आवाज बदलेल?"

"बदलणारच. भरदार होईल."

"मग नको. होतं तसंच करा."

"अहो, आवाजाचं काय एवढं घेऊन बसलात?"

युकिए बाकावर बसली. मग तिने सांगून टाकलं. हिदेआकी गेला तेव्हा सासूबाई स्वतः दुसऱ्या इस्पितळात होत्या, खुब्याच्या ऑपरेशनला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात सांगू नका. ते 'एवढ्यात' काही संपलं नाही. सासूबाईंना दिसत जवळजवळ नाही, आठवणही विरत चाललीये. संध्याकाळी सहाला गाडी चढ चढून आली की त्या म्हणतात, "आला गं. ये रे," आणि मगच जेवतात. गाडी आली नाही तर ताट तसंच राहतं.

"म्हणून रोज सहाला मी खाली पुलापर्यंत जाते आणि परत येते. वर्ष उलटून गेलं."

"आणि तो बोलत का नाही, असं विचारत नाहीत?"

"तो कधी बोलायचा?" ती हसली, पण डोळे भरून आले. "फोटो, अस्थी, सगळं माझ्या भावाकडे ठेवलंय. घरात मी उदबत्तीसुद्धा लावली नाही हो. त्यांना लगेच वास येतो."

तीन आठवडे गाडी नसणार, म्हणून गाडी आणायला घरून निघतानाच तिने जुना आवाज फोनवर भरून घेतला होता. सहाला अंगणात वाजवायचा, असा बेत होता.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"हागिवारासान, तुम्ही गाडी जोडलीत का?"

"जोडतो कशाला? ब्लॉक स्टँडवर आहे, हेड टेबलावर. का?"

"काही नाही. काल मी आवाज वाजवायला विसरले, दुकानातच सहा वाजले. धावत घरी आले तर आई जेवून बसलेल्या. म्हणाल्या, आज वेळेवर आला."

"म्हातारं माणूस. सवयीने ऐकू येतं."

"हो. तसंच असेल."

फोन ठेवून हागिवारा कामाला लागला. सहा वाजून गेल्यावर, आवराआवर करताना, त्याचा तळहात सहज ब्लॉकवर, इंजिनाच्या रिकाम्या सांगाड्यावर, पडला. लोखंड कोमट होतं. शेगडी जवळ होती, म्हणून त्याने ती शेडच्या दुसऱ्या टोकाला नेली.

दुसऱ्या दिवशी त्याने शेगडी पेटवलीच नाही. जाकिटावर जाकीट चढवून काम केलं. सहाला पाच मिनिटं असताना ब्लॉक हाताला झोंबण्याइतका गार होता. सहा वाजून दहा मिनिटांनी त्याने थर्मामीटर लावला. शेडमध्ये तीन अंश. ब्लॉक एक्केचाळीस.

त्याने थर्मामीटर झटकला आणि पुन्हा लावला. एक्केचाळीसच.

ब्लॉकमध्ये ना पिस्टन होते ना क्रँक. चार भोकांतून पलीकडची भिंत दिसत होती.

त्याने हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार?

दहाव्या दिवशी युकिए स्वतः आली. चेहरा उतरला होता. आई रोज जेवत होत्या, पूर्वीपेक्षा जास्त. तिने आता फोन वाजवणं सोडून दिलं होतं.

"मोठं करा," ती म्हणाली. "मोठे पिस्टन टाका. आवाज पार बदलून टाका."

आता हागिवाराच कचरला. "वहिनी, एकदा कापलं की कापलं. गेलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही."

"म्हणूनच म्हणते. मी रोज त्याला घरी आणत राहिले हो. निरोप असा दिलाच नाही. गाडी आली की मी आईंना खरं सांगणार आहे. त्या जेवणं सोडतील, मला शिव्या देतील, काय व्हायचं ते होऊ दे. आवाज तोच राहिला तर माझ्याच्याने सांगवणार नाही."

हागिवाराला स्वतःची लाज वाटली. दहा दिवसांपूर्वी तो हेच काम करायला उतावीळ झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ब्लॉक यंत्राला लावला. पातं एकेका सिलिंडरमधून शांतपणे उतरत गेलं आणि खाली चकचकीत कीस साचला. वावगं काहीच घडलं नाही. त्या संध्याकाळी सहानंतर तो अर्धा तास ब्लॉकवर हात ठेवून बसला. लोखंड गारच राहिलं. त्याच्या जिवात जीव आला.

त्यानंतरही ते गारच होतं.

डिसेंबरच्या मध्यावर गाडी तयार झाली. "तुम्ही सोबत चला," युकिए म्हणाली, "मी एकटी सांगू नाही शकणार." सफरचंदांच्या बागांमधून चढ चढताना इंजिन जाड, नव्या आवाजात गुरगुरत होतं. जुन्याची खूणसुद्धा नव्हती त्यात. हिम भुरभुरायला लागलं होतं. अंगणात तिने गाडी रोजच्या जागी लावली आणि इंजिन बंद करून किल्ली काढली.

सासूबाई ओसरीवर आल्या. खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"कोण आलंय?"

"मी आहे, आई." युकिए पुढे गेली. तिने त्यांचा हात हातात घेतला. "आई, बसा जरा. मला हिदेआकीबद्दल सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं. तो…"

"ते मग सांग गं." म्हातारीने मान चढाकडे वळवली. "ही कुणाची गाडी मध्ये लावलीये? बाजूला घ्यायला सांग. तो कुठे लावेल?"

सहाला दोन मिनिटं होती.

युकिएने हागिवाराकडे पाहिलं. चढावर काही नव्हतं. आवाज नाही, उजेड नाही.

हागिवाराने तिच्या हातातून किल्ली घेतली आणि गाडी मागे, विहिरीपाशी नेऊन लावली. तो उतरला तेव्हा म्हातारी म्हणत होती, "ये रे. दमलास?" आणि भिंतीला चाचपत जेवायला आत चालली होती. युकिए जागची हलली नव्हती.

गाडी आधी उभी होती तिथली जमीन कोरडी राहिली होती, तेवढाच काळा चौकोन अंगणात दिसत होता. इंजिनाची ऊब असेल, हागिवाराला वाटलं. होईल पांढरा आत्ता.

तो वाट बघत उभा राहिला. हिम वाढलं. अंगण, ओसरीची पायरी, विहिरीपाशी लावलेल्या गाडीचा टप, त्या दोघांचे खांदे, सगळं पांढरं झालं.

त्या चौकोनात एक कणही पडला नाही.