सायकलच्या हँडलला चपला

पुष्करने माझा चेहरा बघायच्या आधी माझे पाय बघितले. यात काव्य वगैरे काही नाही. माझ्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता आणि तो बसवायला हा माणूस मशीनखाली शिरला होता.

पोलोग्राउंडच्या त्या कारखान्यात आम्ही अकरा जणी शाळेचे युनिफॉर्म शिवायचो. लाईटचा भरवसा नाही म्हणून मालकाने पायमशीनंच ठेवली होती. आठ तास पायडल मारायचं. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चपलेत शिरायला नाही म्हणायचे. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मला झोप जास्त प्रिय होती.

"मॅडम, पाय जरा हटवा," खालून आवाज आला.

"कुठे हटवू? तुमच्या डोक्यावर ठेवू?"

पाना खाली पडल्याचा आवाज आला. मग अगदी हळू — "ठेवा की... मला काही हर्ज नाही."

शेजारची भानुमती इतकी हसली की तिची सुई तुटली. तो बाहेर आला तेव्हा नाकाला ग्रीस लागलेलं आणि कान लालबुंद. एका कापड मिलमध्ये फिटर होता. ड्यूटी संपली की आमच्याकडची मशीनं बघायचा. पुढच्या महिन्यात तो चार वेळा आला. माझं मशीन ठणठणीत होतं.

"भिया, इसकी मशीन को क्या हुआ है?" भानुमतीने विचारलं.

"ऑईलिंग," तो म्हणाला. चौथ्यांदा मात्र तेलाची कुपी हातातच ठेवून मला विचारलं, "तुम्ही थकत नाही का?"

"थकते ना. रोज."

"मी पण. मतलब... थकल्यावर शेजारी बसायला कोणी असलं, तर बरं असतं ना?"

लग्नाची मागणी इतक्या दमलेल्या आवाजात कुणी घातली नसेल. मी हो म्हटलं. तेही जांभई आवरत.

लग्न पौषाच्या आधी उरकलं. परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मी उजव्या पायाने माप ओलांडलं, तांदूळ छान पसरले, सगळ्यांनी कौतुक केलं. आणि नवव्या दिवशी मिलच्या गेटला कुलूप लागलं.

पेपरात तेव्हा रोज उदारीकरण हा शब्द असायचा. आमच्या गल्लीला त्याचा अर्थ लागला नाही, पण माझा लगेच लागला. नळावर बायका माझ्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत, थेट खाली बघायच्या. पायगुण! नवी सून आली आणि मिल गेली, एवढा सरळ हिशेब असताना दिल्लीपर्यंत कोण जातो?

सासूबाई, शशिकलाबाई, दोन महिने गप्प राहिल्या. मग एक दिवस भाजी निवडताना म्हणाल्या, "बघ यामिनी, मी असलं काही मानत नाही, पण..."

'पण'च्या पुढचं सगळं त्या मानत होत्या. अकरा बुधवार खजराण्याच्या गणपतीला चालत जायचं. अनवाणी. म्हणजे पायाचा दोष उतरेल.

तेही मी सोसलं असतं. मला खाऊन टाकलं ते पुष्करच्या नजरेनं. मिल बंद, त्यामुळे हा माणूस बराच वेळ घरी. मी केर काढताना, कपडे वाळत घालताना, बघावं तेव्हा याचे डोळे माझ्या पायांवर! मी मान वर केली की झटकन दुसरीकडे. सगळी गल्ली बोलून दाखवते, हा न बोलता दाखवतो, एवढंच मला कळलं. मी मोजे घालायला लागले. चैत्रात.

"थंडी वाजते?" त्याने विचारलं.

"हो."

बाहेर अंगाची लाही होत होती. त्याने पुढे काही विचारलं नाही.

एका रविवारी दुपारी मी मोजे काढून आडवी पडले होते. डोळा लागत होता आणि पावलावर हात आला. हलका... जणू विचारत होता. मी दचकून पाय ओढून घेतले.

"अहो! नवरा माणूस तुम्ही, पायाला हात लावता? पाप लागेल मला!"

त्याचा चेहरा असा पडला की बघवेना. उठून बाहेर गेला आणि तेव्हापासून माझ्याकडे बघायचंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी मनाशी ठरवलं. अकरा बुधवार पुरे करायचे, मिल उघडली तर ठीक, नाहीतर रामबागेत बाबांकडे निघून जायचं. भांडण नाही, तंटा नाही. भांडायला तरी अंगात त्राण लागतं.

चौथ्या बुधवारी कारखान्यातून अर्ध्या दिवसाने सुटले आणि निघाले. डांबर वितळायला आलं होतं. अर्ध्या वाटेत टाचेचा फोड फुटला. मी एका पुलाच्या कठड्यावर बसले आणि खरं सांगते, रडले. मागून सायकलची घंटी वाजली.

पुष्कर. हँडलला माझ्या चपला लटकवलेल्या.

"तुम्ही इथे कसे?"

"मी तीनही बुधवारी मागेच होतो. लांबून." त्याने सायकल टेकवली. "चप्पल घाल, यामिनी. मला नाही बघवत."

"आता बघवत नाही? चार महिने तेच तर बघताय! एकदा तोंडाने बोला ना, की माझ्या पायाने मिल गेली."

"काय?" तो खरोखर गोंधळला. "तुला वाटलं मी... अरे यार! मला वाटलं तू मला ओळखलंस, म्हणून मोजे घालायला लागलीस."

"काय ओळखलं?"

तो बसला. हाताचं ग्रीस कधीचं गेलं होतं, तरी तळवे पँटला पुसत राहिला.

"मला तुझे पाय... आवडतात."

"म्हणजे?"

"म्हणजे आवडतात. कोणाला डोळे आवडतात, कोणाला केस, तसं. नाही, त्यापेक्षा थोडं जास्त... बरंच जास्त. पाय बघितले की मला — आता कसं सांगू — तू जवळ यावीस असं वाटतं. लहानपणापासून असा आहे मी. कोणालाच नाही सांगितलं. वाटायचं, डोक्यात काही खराबी आहे."

त्याने पाकिटातून एक घडी पडलेलं कात्रण काढलं. हिंदी मासिकातला डॉक्टरांचा सल्ला. रतलामच्या कुणीतरी हेच विचारलं होतं. डॉक्टरांनी साधं उत्तर दिलं होतं. असं पुष्कळांना वाटतं, हा आजार नाही. लपवून कुढण्यात आणि जबरदस्ती करण्यात त्रास आहे. पत्नीशी मोकळेपणाने बोला आणि तिची इच्छा असेल तेवढंच करा.

"हे पत्र तुम्हीच तर नाही लिहिलं?"

"देवाशपथ नाही! पण वाचून मी रडलो. म्हटलं, चला, दो जने तो हैं." तो हसायला गेला, जमलं नाही. "तुला सांगणारच होतो. त्या रविवारी हिंमत केली, तर आधी विचारायचं सोडून हातच लावला. तू पाप म्हणालीस. मला वाटलं, हिला घाण वाटली. आता ही जाणार."

मला काय वाटलं? खरं सांगायचं तर आधी विचित्र वाटलं. असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मग राग आला. उन्हाळ्यात मोजे घालून मेले मी, आणि हा भिंतीकडे तोंड करून मेला! आणि त्या रागाच्या खाली काहीतरी सैल होत गेलं. ज्या पायांना सगळ्या गल्लीने अवदसा ठरवलं, त्या सुजक्या, भेगाळलेल्या पायांवर कुणाचा जीव होता. तोही माझ्याच नवऱ्याचा.

पण एक गोष्ट खुपत होती. विचारलीच.

"आणि या पायांच्या वर जी आहे, तिचं काय?"

त्याने पटकन उत्तर दिलं नाही, ते मला आवडलं.

"पाय आधी आवडले. खोटं नाही बोलणार. पण पाय तर किती बघितले, लग्नं थोडीच करत फिरलो? तू म्हणालीस ना, डोक्यावर ठेवू का... चार वेळा ऑईलिंगला आलो ते तिच्यासाठी. फक्त पाय असते, तर एकदाच आलो असतो."

"मला गुदगुल्या होतात," मी म्हटलं.

"हं?"

"आणि नको म्हटलं की नको. पाप-बिपाचं मला अजून वाटतं, ते एका दिवसात जाणार नाही. जरा वेळ द्या. आणि मनात काही आलं की आधी बोलायचं. तोंडाने."

त्याने नुसती मान हलवली. डोळे भरले होते.

"आणि मिल?" मी विचारलं.

"तुझ्या पायाने? वेडी आहेस का! दोन वर्षं सुटे भाग येत नव्हते. फिटर आहे मी, मला माहीत होतं हे बंद पडणार."

"मग हे आईंसमोर का नाही बोललात?"

त्याने मान खाली घातली. मी बोट दाखवून बजावलं, "पायांचं माझ्याजवळ, मिलचं आईंजवळ. उलटं केलंत तर याद राखा."

मग भर रस्त्यात खाली बसून त्याने माझ्या पायात चपला घातल्या. आधी विचारलं, मग घातल्या. सायकलवर मागे बसून मी गणपतीला गेले आणि उरलेले सात बुधवार माफ करून घेतले.

घरी आल्यावर पुष्कर दारातूनच बोलला, नाहीतर हिंमत गेली असती. "आई, यामिनी आता अनवाणी जाणार नाही. मिल दोन वर्षांपासून मरायला टेकली होती. मला माहीत होतं. तुला काळजी नको म्हणून लपवलं, आणि बोल हिला लागला. चूक माझी आहे."

सासूबाई कितीतरी वेळ माझ्या टाचांकडे बघत राहिल्या. मग उठल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मेण आणि खोबरेल गरम करून वाटी घेऊन आल्या आणि पुष्करपुढे ठेवली.

"मी मानत नव्हतेच," त्या म्हणाल्या. "घे, लाव तिला. माझे गुडघे वाकत नाहीत."

"मी?" पुष्करचा आवाज चिरकला.

"मग काय शेजाऱ्यांना बोलावू? औषध लावायला कसलं आलंय पाप!" आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मिल पुढे कधीच उघडली नाही. पण ती संध्याकाळ मला त्याच्या लालबुंद कानांसकट आठवते. तो वाटी घेऊन समोर बसला आणि माझ्याकडे बघत थांबून राहिला. मी मान हलवली.

"कुठे ठेवू पाय?" मी विचारलं.

त्याने आतल्या खोलीकडे एकदा बघून घेतलं. मग अगदी हळू म्हणाला, "डोक्यावर ठेव... मला काही हर्ज नाही."

मी त्याच्या मांडीवर ठेवला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या पायांचं ओझं दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं.